उलटा ठेवलेला कागद

प्रिय बाबा,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. ८ जुलै, मंगळवार, सकाळी १०:४०. तुम्ही पीचची पेटी घेऊन नगरपालिकेच्या नागरिक नोंदणी विभागात आलात.
२. १०:५२. काउंटरवरच्या कुरामोचींनी संगणकावर एका महिलेचा पत्ता उघडला. वर लाल पट्टी होती : मारहाणीमुळे संरक्षित, कुणालाही देऊ नये.
३. १०:५३. एक पान छापलं गेलं.
४. ११:०५. तुम्ही गेलात. ते पान कार्यालयात नाही.

कोणी कुठली माहिती उघडली हे तपासणं माझं काम, म्हणून मला कळलं. पत्ता उघडताना कारण लिहावंच लागतं. कुरामोचींनी लिहिलं होतं, 'माजी विभागप्रमुखांनी विचारलं.' खोटं लिहिणं त्यांना सुचलंच नाही. मी विचारलं तेव्हा ते रडले. "चिगुसा-सान, साहेबांना काउंटरबाहेर उभं ठेवू? बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली मी! आत बसवलं, चहा दिला. ते नुसतं म्हणाले, 'बरी आहे ना ती, एवढंच पाहायचंय.' मग नाही कसं म्हणायचं?" तुम्ही काही मागताना आवाज चढवत नाही, हे मला ठाऊक आहे. आवाज नंतर चढतो.

आमच्या प्रमुखांनी दार लावून मला समजावलं, "अहो, घरातली गोष्ट आहे. आणि पीच तर सगळ्यांनीच खाल्ले!" मी खाल्ले नव्हते. अहवालात तुमचं नाव लिहिलं, त्याखाली आपलं नातंही लिहिलं. चौकशी आता दुसरे करतील.

मी सात वर्षांची असताना तुम्ही मला एकदा कार्यालयात नेलं होतंत. फोन घ्यायला उठतानाही तुम्ही समोरचा कागद उलटा ठेवलात. म्हणालात, "यावर माणसाचं घर असतं, चिगुसा." त्या वाक्यासाठी मी ही नोकरी धरली. त्याच हाताने तुम्ही आईचं मनगट मोडलंत, तेही मी पाहिलंय.

पत्ता फुटला की ज्याचा असेल त्याला कळवावं लागतं. आईला ती सूचना मी स्वतः वाचून दाखवली. तिने कागद उलटा ठेवला आणि माळ्यावरची खोकी काढली. चार वर्षांतलं हे तिसरं घर.

हे पत्र कार्यालयाचं नाही, माझं आहे. आई आता त्या पत्त्यावर नाही. कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि मी सांगणार नाही. तुमच्याकडच्या पानावर जे घर आहे, तिथे आता मी राहायला आले आहे. तुम्ही आलात तर दार मी उघडेन. आत बसवणार नाही, चहा देणार नाही. ते पान आणि त्याची प्रत काढली असेल तर तीही कार्यालयात परत पाठवा, आणि कुणाला दाखवलंत का ते मला लिहा. उत्तर शुक्रवार, २५ जुलैपर्यंत द्यावं.

तरीही तुमचीच,
चिगुसा