दोन निळ्या खुणा

४ मार्च, सकाळ
नातीला मेसेज टाकला आणि लगेच दोन निळ्या खुणा! म्हणजे वाचला. तीन दिवस झाले तिला चौकशीला नेऊन. कारखान्याच्या धुराने तिथल्या बायका खोकून खोकून बेजार झाल्यात, ते तिने मोबाइलवर सगळ्या जगापुढे लिहिलं, म्हणून. मुलगा म्हणतो, "आई, फोनवर काही लिहू नकोस. सरकारची माणसं वाचतात." वाचतात म्हणे! चौथी शिकलेल्या म्हातारीचं वाचायला त्यांना काय कामधंदा नाही?

५ मार्च
ठरवलं, रोज एकच ओळ लिहायची. पोरीला ताप नको.
दुपारी: अठरा मेसेज झाले. विषयातून विषय निघाला. गुडघ्याचा ठणका, नवं मलम, सुनेने फोडलेली बरणी. सगळे वाचले तिने! घरात इतकं मन लावून माझं कुणी ऐकत नाही. सून तर टीव्हीचा आवाज वाढवते.

७ मार्च
तिला वहीची काळजी लागली असणार. जाताना हातात देऊन म्हणाली होती, "आजी, माझ्याशी बोललेल्या बायकांची नावं आहेत ह्यात. मी त्यांना शब्द दिलाय. कुणाला सांगायचं नाही." मी नाहीच सांगितलं कुणाला. फक्त तिलाच कळवलं, वही पेटीत आहे, तिसऱ्या रजईत शिवून टाकलीय. खुणा इतक्या झटकन कधी निळ्या झाल्या नव्हत्या. जीव भांड्यात पडला असेल पोरीचा.

९ मार्च
दोन साहेब आले. बूट दाराबाहेर काढून! धाकट्याने विचारलं, "आजी, गुडघा काय म्हणतो? नव्या मलमाने उतार पडला का?" मला भरूनच आलं. पोटची पोरं विचारत नाहीत हो. चहा टाकला. उकळी येईस्तोवर त्यांनी पेटी उघडली. पहिली रजई नाही, दुसरी नाही, थेट तिसरी उसवली. अनुभवी माणसं. सून रडायला लागली. चारचौघांत कसं वागावं, तिला कळतच नाही.

१२ मार्च
नात आली! गालफडं बसलीत. म्हटलं, माझे मेसेज होते म्हणून बरं, नाही का? म्हणाली, "कुठले मेसेज? फोन त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतला." म्हटलं, नीट आठव, मलमाचं वाचलंस की तू. मग रजईचं सांगितलं. ती उठून पेटीपाशी गेली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१५ मार्च
वहीतल्या अकराही जणींना कारखान्याने काढून टाकलं. त्यातली एक आमच्या वरच्या मजल्यावरची. मला मलम तीच चोळून द्यायची. आज जिन्यात दिसली. भिंतीकडे तोंड करून उतरून गेली. नात दार लावून बसलीय. ताट तसंच परत येतं.
ठरवलं, फोनला हात लावायचा नाही.
दुपारी: एकच मेसेज टाकला, नातीच्याच नंबरवर. तिचा फोन अजून त्यांच्याकडेच आहे. "साहेब, त्या बायकांचा काही दोष नाही. वही मी लपवली होती. मला न्या."
खुणा लगेच निळ्या झाल्या.
संध्याकाळ: उत्तर नाही. गुडघ्याचंही कुणी विचारलं नाही.