दगडी बैठकीचा जोड

८ जानेवारी, सोमवार

स्वराली आली. सव्वीस वर्षांची! पुण्याहून शिकून आलेली. आमचं बारामतीचं संग्रहालय नव्या इमारतीत हलवायचं काम तिच्याकडे. मी इथं चौदा वर्षं आहे. अध्यक्ष दादासाहेब म्हणाले, "माधवीताई, तुमी तिला मदत करा." मदत!

१० जानेवारी

तिनं दारं मोजली, पायरीवरच्या फळीचा उतार मोजला. काचेच्या कपाटांतल्या वस्तू आधी बाहेर, मग आतल्या काचा, मगच कपाट हलणार. गोकुळ इतकी वर्षं आमची ओझी उचलतो — तोही म्हणतो, "पोरगी हुशार हाय, ताई. आमच्या पाठीचा इचार पयल्यांदाच कुनीतरी केला."

म्हणजे मी कधी केलाच नाही.

११ जानेवारी

आठ कपाटं गेली. एक ओरखडा नाही. जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं, तरी बरं वाटलं नाही.

१२ जानेवारी

निरवांगीचा दगडी मेंढा आज उतरवला. उद्या त्याची बैठक — कमरेएवढी उंच, चौघांना न हलणारी. स्वरालीनं विचारलं, "ताई, ही एकसंध आहे ना? काही माहीत असेल तर सांगा."

ती दोन दगडांची आहे. आठ वर्षांपूर्वी सावळाराम गवंड्यानं माझ्यासमोर सांधली, वरून रंग दिला. मी म्हणाले, "कागदात तसं काही नाही."

खोटं कुठं बोलले? कागदात खरंच नाही! एकदा तरी तिचं चुकू दे. उद्या जरा अडेल, एवढंच.

१३ जानेवारी

उचलायचा पट्टा वरच्या दगडालाच बसला होता. साखळीनं बैठक हातभर उचलली आणि जोड सुटला. तिनं सगळ्यांना लांब उभं केलं होतं. गोकुळ तेवढा ढकलगाडी खाली सरकवायला पुढं झाला — खालचा दगड त्याच्या पायावर.

ती त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. मी दगडाचा चुरा झाडत बसले.

१४ जानेवारी

उजव्या पायाची दोन बोटं काढली.

१६ जानेवारी

स्वरालीनं लिहून दिलं — "तपासणीतली चूक माझी." आणि काम सोडलं. दादासाहेबांनी मला बोलावलं. "आता तुमीच बघा समदं. भायेरची मानसं नकोत." हेच तर हवं होतं ना मला!

दुपारी दवाखान्यात गेले. गोकुळची बायको बनाबाई म्हणाली, "त्या पोरीला बोल लावू नगा, ताई. दोन दिस हितनं हलली न्हाय ती." मी नुसती मान हलवली. गोकुळनं माझ्यासाठी खुर्ची पुढं करायला सांगितली. बसवलं नाही.

१७ जानेवारी

दादासाहेबांना सगळं लिहून दिलं, खाली सही केली. मग स्वरालीला फोन लावला. म्हणाले, "जोड मला माहीत होता." तिनं एवढंच विचारलं — "गोकुळदादांना सांगितलंत?"

दवाखान्यात निघते आहे.