नावं विचारणारा हवालदार

नाना,

काल चारचौघांत तुमचं नाव घ्यायची वेळ आली होती आणि मी ते घेतलं नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा ह्याचा तुम्हाला काही त्रास होणार नाही हे मला कळतं. त्रास मलाच होतो आहे, म्हणून रोजच्या वहीत आजच्या तारखेखाली तुम्हाला लिहिते आहे.

गेल्या महिन्यात इथे जळगावात आमच्या कॉलेजसमोर एका काळ्या-पिवळ्या जीपने अकरावीतल्या मुलीला उडवलं. मुलगी वाचली, पण डावा पाय गुडघ्याखाली गेला. जीपमध्ये किती माणसं बसवली होती, हे त्या ड्रायव्हरला सांगता येईना. मुलांनी रस्ता अडवला, निवेदनं दिली, आणि शेवटी पोलीस ठाण्यात बैठक ठरली. भरधाव गाड्यांना आळा कसा घालायचा, हे नागरिकांनीही सुचवावं म्हणून. प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच जा. तुमचे वडील पोलिसात होते ना?" मी हो म्हटलं. आदल्या दिवशी घरी बसून कागदावर तीन-चार सूचना लिहिल्या: गतिरोधक, परवाने तपासणं, कॉलेज सुटायच्या वेळी एक शिपाई. लिहिताना सारखा धुळ्याचा नाका डोळ्यांपुढे येत होता. तो मी कागदावर येऊ दिला नाही.

सकाळी नऊ ते अकरा तुम्ही तिथे उभे असायचे. सोनगीर, नरडाणा, शिंदखेड्याकडच्या जीपा त्याच वेळी शहरात यायच्या. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या फळीवर लोंबकळणारी वेगळीच. दुसरे हवालदार शिट्टी मारायचे, पावती फाडायचे आणि गाडी सोडून द्यायचे. तुम्ही नुसता हात करायचे. जोरात आलेली गाडी थांबली की आधी चावी तुमच्या खिशात.

"आत किती माणसं?"

"असतीन पंधरा-सोळा, साहेब."

"असतीन नको. मोज."

त्याने मोजली की तुम्ही म्हणायचे, "आता एकेकाला नाव विचार, गाव विचार, आणि इथे येऊन मला सांग." तुम्ही स्वतः कोणाला काही विचारायचे नाहीत. ड्रायव्हरने उतरून, मागे जाऊन, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून विचारायचं. दोन नावं विसरला तर परत पाठवायचे. सगळी नावं धड सांगून झाली की चावी त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "ही तुझी माणसं. घेऊन जा." दंड नाही, पावती नाही. ह्यात वीस मिनिटं जायची, कधी अर्धा तास. लोक चिडायचे, शिव्या घालायचे, हसायचेही. एकदा मी तुमचा डबा घेऊन आले होते, तेव्हा एका म्हातारीने त्या ड्रायव्हरला असं झापलं होतं: "मन्हं नाव चाळीस वरीसमा मन्हा नवरानी नही लिधं, तू कोन इचारणारा?" सगळी जीप हसली. तुम्हीही तोंड फिरवून हसलात. पण नाव सांगितल्याशिवाय चावी दिली नाहीत. शेवटी म्हातारीने ते शेजारणीच्या कानात सांगितलं आणि शेजारणीने ड्रायव्हरला.

मला ह्या सगळ्याची लाज वाटायची. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, राज्यशास्त्र घेतलेलं, आणि पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत राज्यघटनेवर बोलणारी एकटी मीच होते. एकदा तुम्ही जेवायला बसलेले, आई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी करते आहे, आणि मी तुम्हाला विचारते आहे, "नाना, हे असं थांबवून ठेवणं कायद्यात कुठे आहे?" तुम्ही भाकरी मोडत म्हणता, "कायद्यात पावती आहे. पावती घेतली की तो मोकळा होतो. पुढच्या वळणावर तसाच दाबतो. मला त्याला मोकळं करायचं नाही."

"म्हणजे तुमच्या मनाला येईल तो कायदा?"

"जेवू दे गं त्यांना," आई म्हणते. "न्यायाधीश झालीस का?"

"बोलू दे, शिकते आहे ती," तुम्ही म्हणता. मग जरा थांबून माझ्याकडे बघता. "पण पुस्तकातलं बोलताना समोर माणूस कोण आहे ते बघत जा. नाव विचारायचं म्हणजे मागे वळून बघावं लागतं. एकदा बघितलं की पाय आपोआप हलका पडतो. एवढंच आहे माझं." मला ते भाबडं वाटलं. आणि तुम्ही मला समजावलंत ह्याचा रागही आला.

मग तो परीक्षेचा दिवस. पहिल्याच पेपरला निघाले होते, नाक्यावरून चालत. तुम्ही एक जीप धरली होती आणि त्या जीपमध्ये माझ्या वर्गातली एक मुलगी बसली होती, सोनगीरहून रोज येणारी. तिने मला बघितलं आणि हाक मारली. मी धावत तुमच्याकडे आले. "नाना, सोडा हो, पेपर आहे तिचा." तुम्ही माझ्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणालात, "अकरा झाली. चार राहिली." ड्रायव्हर घामाघूम होऊन मागे धावला. माझ्यासाठीसुद्धा तुम्ही ती चार नावं सोडली नाहीत. जीप कॉलेजवर पोचली तेव्हा पहिली घंटा होऊन गेली होती. तिला आत घेतलं, पेपर बुडाला नाही. पण बाहेर आल्यावर पाच-सहा मुलींच्या घोळक्यात ती मला म्हणाली, "तुझे वडील पावती का गं नाही फाडत? आमचे भाऊ म्हणतात, जो पावती फाडत नाही तो कशासाठी गाडी धरतो, हे काय सांगायला पाहिजे?" मुली हसल्या. त्याच संध्याकाळी घरी येऊन मी धुळ्यातल्या दैनिकाला पत्र लिहिलं.

ते पत्र मला अजून पाठ आहे. वाहतूक नियंत्रण कायद्याने व्हावं, व्यक्तीच्या लहरीने नव्हे. प्रवाशांना वेठीस धरू नये. प्रत्येक कारवाईची लेखी नोंद असावी. हे तिन्ही मुद्दे मी आजही मांडीन, नाना. तुमच्या जागी दुसरा माणूस असता तर त्याने त्याच चावीवर काय काय उकळलं असतं, कोण जाणे. आणि त्या जीपमध्ये कोणी दवाखान्यात निघालेलं नसेल, असं तरी तुम्ही कशावरून धरायचे? हे मला तुम्हाला विचारायचं होतं. ते तोंडावर विचारलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं असतं. पण शेवटी मी एक वाक्य घातलं: "पावती न फाडता गाड्या अडवून ठेवण्यामागचा हेतू सुज्ञांनी ओळखावा." खाली सही, एक विद्यार्थिनी. नाक्याचं नाव घातलं नाही, म्हणजे मी कोणा एकाबद्दल लिहिलेलं नाही, असं स्वतःला सांगितलं. धुळ्यात नावं विचारणारा हवालदार एकच होता.

त्या वाक्यावर माझा विश्वास होता का, हे मी इतक्या वर्षांत कितीदा तरी तपासलं आहे. नव्हता. तुमच्या खिशातली बसची तिकिटंसुद्धा आई कपडे धुताना बाहेर काढायची, वरचा पैसा असता तर आम्हाला कळला असता. मला ते वाक्य चांगलं वाटलं, एवढंच. त्याने पत्राला वजन येत होतं.

पत्र चार दिवसांनी छापून आलं. ड्रायव्हर लोकांनी कात्रण नाक्यावरच्या टपरीत चिकटवलं आणि तुम्ही ते सोलून घरी आणलंत. चष्मा फुटलेला होता म्हणून माझ्या हातात देऊन म्हणालात, "वाच बरं, काय लिहिलंय." मी उभी राहून माझंच पत्र तुम्हाला वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला माझा आवाज बसला. तुम्हाला वाटलं असेल, मुलीला वाईट वाटतं आहे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "मराठी चांगलं आहे लिहिणारीचं," म्हणालात. "एखादीचा पेपर बुडाला असेल." आणि जरा वेळाने, "शेवटचं नसतं लिहिलं तर बरं होतं." आईने विचारलं, कोण असेल मेली? तुम्ही म्हणालात, "असेल कोणी. पोर आहे." त्या वेळी तुम्ही माझ्याकडे बघितलं होतं का, हे मला आठवत नाही. मी खाली बघत होते.

चौकशी झाली. काही निघालं नाही, निघण्यासारखं नव्हतंच. तरी तुम्हाला नाक्यावरून काढून शिंदखेड्याला ठाण्यातल्या टेबलावर बसवलं, आणि निवृत्तीपर्यंत तुम्ही तिथेच नोंदी लिहीत राहिलात. कदाचित बदली तशीही होणार होती. जीपमालकांची कुरकूर वर्षभर चाललीच होती. हे मी स्वतःला सांगते आणि ते खरंही असेल. पण सुट्टीत घरी आलात की तुम्ही माणसांच्या गोष्टी सांगायचे बंद झाले होते. आधी जेवताना सांगायचे, आज जीपमध्ये फागण्याचा एक न्हावी होता, आज तीन बहिणी एकाच नावाच्या होत्या. मग नुसतं जेवायचे.

तुम्ही गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी एक माणूस आला होता. खाकी पँट, हातात टोपी, दाराशीच उभा. मी ओळखलं नाही. तोच म्हणाला, "ताई, तुमना पेपरना दिवस मन्ही जीप धरी व्हती नानांनी." मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. त्याने तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. मग म्हणाला, "मी आते बी इचारस. गाडी काढाना पहिले बठ्ठासले नाव इचारस. लोके हसतस, म्हनतस, लगीन जमाडस का रे? हसू द्या. नाव माहीत ऱ्हायनं म्हनजे पाय जोरमा पडस नही." मला त्याला त्याच वेळी सांगता आलं असतं की ते पत्र कोणाचं होतं. मी त्याला आणखी चहा हवा का, असं विचारलं.

आता कालचं सांगते. ठाण्यात बारा-पंधरा माणसं होती. फौजदार तिशीचा असेल, मनापासून बोलणारा. म्हणाला, "पावत्या फाडून हात दुखले, मॅडम. भरतात आणि जातात. दंड म्हणजे त्यांना टपावर आणखी दोन माणसं, एवढंच वाटतं. ह्यांना जरब बसेल असं काही सांगा." माझ्या कागदावरच्या सूचना वाचून झाल्या आणि माझ्या तोंडून नाक्याचं निघून गेलं. चावी, मोजणी, नाव, गाव, आणि शेवटी, ही तुझी माणसं. तुमचा उल्लेख न करता, कुठल्यातरी गावची पद्धत असल्यासारखं सांगितलं. वर मीच म्हटलं की नोंद ठेवा, वेळेची मर्यादा घाला, आजारी माणूस असेल तर लगेच सोडा. आधी लोक हसले. फौजदार हसला नाही, लिहून घेऊ लागला.

तेवढ्यात जीपवाल्यांच्या वतीने आलेला एक वयस्कर माणूस म्हणाला, "साहेब, हे जुनं आहे. धुळ्याला होता असा एक हवालदार. नावं विचारायचं नाटक करायचा आणि पैसे खायचा. पेपरात आलं होतं तेव्हा." फौजदाराने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. "असं आहे का मॅडम? तुम्हाला हे कुठून कळलं?"

नाना, दोनच वाक्यं पुरली असती. ते माझे वडील होते. ते पेपरातलं मी लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. मी चाळिशी ओलांडलेली बाई, वर्गात ऐंशी मुलांपुढे बोलते, नागरिकाच्या कर्तव्यांवर दरवर्षी धडा शिकवते. मी म्हटलं, "वाचनात आलं होतं कुठेतरी." तो माणूस मान हलवत म्हणाला, "तेच तर मी म्हणतो, छापून आलेलं आहे." आणि विषय पुढे गेला.

आज दिवसभर मी त्या फौजदाराला चिठ्ठी लिहायचं ठरवते आहे. त्याऐवजी हे तुम्हाला लिहिलं. हे पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाही, म्हणूनच हे इतकं सोपं गेलं असेल. चिठ्ठीची पहिली ओळ अजून जमलेली नाही.

निघताना तो दारापर्यंत सोडायला आला होता. म्हणाला, सोमवारपासून बस स्टँडजवळच्या नाक्यावर करून बघतो, पहिल्या दिवशी तुम्ही येऊन उभ्या राहाल का, शिपायांना नीट समजेल. मी म्हटलं, सोमवारी माझे तास असतात.

सोमवारी माझा एकही तास नसतो, नाना.