पाठीमागे बारकी

सोमवार, ३ तारीख

पोचलो बाई एकदाचे! दगडाच्या खाणीवर राहायचं म्हटल्यावर मी पत्र्याची शेड गृहीत धरली होती, तर इथे चक्क दोन खोल्या, गरम पाणी आणि खिडकीला जाळीसुद्धा. बारकीने आल्या आल्या खिडकीजवळची खाट बळकावली. लहानपणापासूनची खोड, ती काय आता जाते!

वीस वर्षं शाळेत नकाशे शिकवले आणि एक्केचाळिसाव्या वर्षी ड्रोन उडवायचा परवाना काढला. आईने कपाळाला हात लावला. म्हणाली, या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळतात आणि तू पतंग उडवायला निघालीस. पहिलं काम मिळाल्यावर मात्र अख्ख्या गल्लीला तिनेच सांगितलं. काम सरळ आहे. रोज सकाळी दहाला ठरलेल्या रेघांवरून ड्रोन फिरवायचा आणि वरून फोटो काढायचे. कॉम्प्युटर ते जोडून नकाशा बनवतो, मग त्यावर खडीचे ढीग मोजायचे. दहा दिवस हेच.

एकटीने उडवायचं नाही असा नियम आहे, सोबत स्पॉटर लागतो. पायलटची नजर रिमोटच्या स्क्रीनवर, स्पॉटरची वर ड्रोनवर. त्याने पायलटच्या पाठीमागे उभं राहून पक्षी आला, वारा सुटला, सगळं ठीक, असं बोलत राहायचं. माझी स्पॉटर म्हणजे बारकी, माझी धाकटी बहीण. मोठ्या आजारातून उठली आहे आणि घरात बसून पार कंटाळली होती. निघताना आईने तिचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, नेतेस तशी परत आण. मी म्हटलं, आणते गं, ती काय छत्री आहे विसरायला?

मंगळवार, ४ तारीख

पहिलं उड्डाण झालं! पहिल्यांदा ड्रोन हातभर उडाला आणि बेडकासारखा परत खाली बसला. बारकी पोट धरून हसली. दुसऱ्यांदा मात्र वर गेला तो गेलाच. बावीस मिनिटं, तीनशे दहा फोटो.

आम्हाला शिकवणाऱ्या सरांना सगळे कॅप्टन म्हणतात. त्यांनी दोन गोष्टी डोक्यात ठोकून बसवल्या आहेत. एक, प्रत्येक उड्डाण जागच्या जागी वहीत लिहायचं, घरी जाऊन आठवून नाही. दुसरी, ड्रोन हवेत असताना मागे वळून बघायचं नाही, मागचं सगळं स्पॉटरचं. बारकी आवाज छान देते. पाठीमागून तिचं सगळं ठीक, ताई, सगळं ठीक चालू असलं की मलाही धीर येतो.

वॉचमनकाकांनी एवढंच बजावलं की डाव्या अंगाच्या जुन्या खड्ड्याकडे फिरकू नका. तो बंद केलाय आणि पाण्याने भरलाय. त्यांचं गेट त्या खड्ड्याच्या पलीकडच्या काठाला आहे. सामान घेऊन यायला वळसा घालून पाऊण तास लागला.

बुधवार, ५ तारीख

पहिला नकाशा तयार झाला. ढीग न् ढीग कसा स्वच्छ दिसतो! आम्हीही त्यात आहोत. मी केशरी जाकिटात, माझ्या मागे पिवळ्या जाकिटात बारकी. आणि सहा मीटरवर आणखी एक पिवळं जाकीट. आमच्याकडे पिवळं एकच आहे.

कॅप्टनना फोन केला. ते खो खो हसले. म्हणाले, नवशिके सगळेच याला घाबरतात. नकाशा शेकडो फोटो जोडून होतो आणि मधल्या वेळात माणूस हलला की तो दोन ठिकाणी उमटतो. हुश्श झालं. बारकीला तंबी दिली की वर बघता बघता भटकू नकोस. ती शपथेवर सांगते की ती हललीच नाही.

गुरुवार, ६ तारीख

आज एकोणीस मीटर. पुन्हा दोन पिवळी जाकिटं, एक माझ्या पाठीशी आणि दुसरं जुन्या खड्ड्याच्या दिशेने. मी बारकीवर भडकले. तिचे डोळे भरून आले. मग मलाच वाईट वाटलं, आजारातून उठलेलं माणूस ते. संध्याकाळी माझ्या जागेमागे चुन्याने गोल आखला आणि सांगितलं, उद्या या गोलातच उभं राहायचं.

शुक्रवार, ७ तारीख

उड्डाण नीट पार पडलं. पाठीमागून सगळं ठीक ऐकू येत होतं, हातभर अंतरावरून. ड्रोन उतरवून वळले तेव्हा बारकी गोलाच्या बाहेर होती, खड्ड्याकडून चालत येत होती. तिच्या बुटांना चुना नव्हता. गोलात मात्र ठसे होते.

मग जोडलेला नकाशा बाजूला ठेवून सुटे फोटो बघायला घेतले. एका सुट्या फोटोत माणूस दोनदा येऊच शकत नाही. एकशे बारावा फोटो उघडला. दोघी आहेत त्यात. एक गोलात, दुसरी एक्केचाळीस मीटरवर. कड्यापासून वीसच मीटर अलीकडे. फोटो मोठा केला. दूर उभी आहे तिचं तोंड वर आहे, ड्रोनकडे. ती बारकी. स्वच्छ ओळखू येते.

गोलातली वर बघत नाहीये. ती माझ्या पाठीकडे बघते आहे.

शनिवार, ८ तारीख

उड्डाण नाही. काम गेलं खड्ड्यात. कंपनीची गाडी सोमवारी सकाळी येणार, तोवर इथेच. वॉचमनकाका म्हणाले की आधीचा पायलटही काम अर्धवट टाकून गेला. का, ते त्यांना माहीत नाही. त्याचा स्पॉटर कुठे गेला असं विचारलं, तर ते म्हणाले की तो एकटाच यायचा, पण बोलत असायचा कुणाशी तरी.

बारकीला फोटो दाखवला. आधी हसली. मग म्हणाली की पण ताई, तूच तर बोलावतेस. रोज वर बघत असताना तिला माझा आवाज येतो म्हणे, इकडे सरक, इथून नीट दिसेल. आवाज येईल तशी ती सरकते. पायाखाली बघत नाही, कारण ड्रोनवरून नजर काढायची नाही असं मीच सांगितलंय.

उड्डाण चालू असताना मी तोंडातून शब्द काढत नाही. कधीच.

दाराला आतून कुलूप लावलंय. किल्ली माझ्या उशीखाली.

रविवार, ९ तारीख

सकाळी साडेआठ. बारकी नाही. कुलूप उघडं, किल्ली कुलपातच. पिवळं जाकीट खुंटीवर नाही. माझ्या आवाजात बोलावलं असणार. माझ्याच आवाजात!

आज फोनलाही रेंज नाही. हाका मारून घसा बसला. ड्रोन घेऊन खड्ड्याच्या काठाशी आले आहे, वरून शोधते.

८.५० – बॅटरी ८१. सापडली. पलीकडच्या काठावर आहे. अगदी कडेला. टाचा कड्यावर, तोंड वर. पळत गेले तरी अर्धा तास. ओरडले, तर ती आवाज शोधत मागे सरकली. दगड निसटून पाण्यात पडला. आता ओरडणार नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. सगळं ठीक, ताई.

बारकीचा आवाज. स्क्रीनवर तिचं तोंड मिटलेलं आहे.

८.५४ – बॅटरी ७०. वळणार नाही. वळले तर स्क्रीनवरून नजर जाईल, आणि ती –

ड्रोन हळूच दोन मीटर आत, गेटच्या बाजूला नेला. तिची मान फिरली. मग पाय. एक पाऊल आत आली! गुणाची गं माझी बाय. ड्रोनवरून नजर काढत नाहीये. मी शिकवलंय तसंच.

रिमोटच्या काड्या सोडल्या की ड्रोन जागीच थांबतो. तेवढ्यात लिहिते. बारके, ही वही तुझ्यासाठी. तुला मिळाली तर आईकडे जा. मला शोधायला मागे यायचं नाही. माझा आवाज आला तरी नाही.

९.०१ – ५२. कड्यापासून अकरा मीटर. चाललीय. फार हळू.

मागचं जवळ आलंय. म्हणतंय, ताई, चक्कर येतेय, धर ना मला. आजारात अस्संच म्हणायची ती. हुबेहूब. मला रडू येतंय. स्क्रीन पुसावी लागतेय.

९.०८ – ३३. रस्त्यावर आली. गेट दिसतंय. काका पाठमोरे आहेत. बघा ना हो इकडे, काका, बघा –

माझ्यापुढे दोन पावलांवर कडा आहे. इतकी पुढे येऊन बसलेय हे आधी लक्षातच आलं नाही.

९.१२ – २१. मानेवर गार लागतंय. आता ते माझ्याच आवाजात बोलतंय. ऊठ म्हणतंय. पुढे सरक, इथून नीट दिसेल.

नीटच दिसतंय मला.

९.१५ – १४. ड्रोन काकांच्या डोक्यावर आणला. आवाजाने वळले. पाहिलं! धावले – बारकीचा दंड धरला. धरला! ती आता ड्रोनकडे बघत नाहीये, माझ्या दिशेने बघतेय, खड्ड्यापलीकडे. हात हलवतेय. तोंड उघडून जोरजोरात –

काका तिला मागे ओढताहेत. ओढा. सोडू नका.

९.१६ – ९. आई, आणली गं परत.

आता वळले तरी चालेल. खांद्यावर हात –