कयाधू इंजिन राहिल शेख यांना

लिहून ठेवणार: प्रियदर्शनी तातेराव कऱ्हाळे, वय ४४, अविवाहित, रा. गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली.

माझा आजार दुसऱ्यांदा उलटला आहे. शरीर थकलं, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी भाग पाडलं म्हणून नव्हे, तर आता लांबवण्यात अर्थ उरला नाही म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. माझ्या नावची एक एकर हळदीची जमीन भाऊ बालाजी याला. आजवर कसली त्यानेच. बांधावरून शेजाऱ्याशी भांडू नये. मोजणी दोनदा झाली, दोन्हीदा आपलंच चुकलं.

२. गावातल्या दोन खोल्या आई मंजुळाबाई हयात असेपर्यंत तिच्या, नंतर भाची पुनम हिच्या.

३. पुण्यातल्या एका कंपनीत मी अकरा वर्षं गेमचं इंजिन लिहिलं. इंजिन म्हणजे ज्याच्यावर व्हिडिओ गेम चालतो तो मूळ प्रोग्रॅम. आमच्या गेममध्ये खेळणारा एखादं पात्र होऊन मोठ्या मुलुखात हवं तिकडे फिरतो. तो पोचण्याआधी पुढची जमीन, झाडं, माणसं तयार असावी लागतात. ती तयार ठेवण्याचं काम माझं. आई एकदा म्हणाली, “इंजिन म्हणतीस, मंग धूर काहून निघत न्हाई?”

ते इंजिन कंपनीच्या मालकीचं. बाहेर कोणाला दाखवणार नाही, अशी माझी सही आहे. पुढे कंपनीने बाहेरून तयार इंजिन घेतलं आणि आमचं बंद करून ठेवलं. वापरत नाही तर मला द्या, म्हटलं. नाही म्हणाले. त्यामुळे ती अकरा वर्षं मला कोणाच्याही नावे करता येत नाहीत. इथे नुसती नोंद.

४. गावी परतून सहा वर्षांत मी नवं इंजिन लिहिलं, इथल्या नदीच्या नावाचं, ‘कयाधू’. त्यात कंपनीची एक ओळही नाही. ते स्वकष्टार्जित असून राहिल जलालुद्दीन शेख, रा. वसमत, यांना पूर्ण हक्काने देत आहे.

बालाजीला हे पटलेलं नाही, म्हणून कारण लिहिते. राहिल कंपनीत माझ्या शेजारी बसायचा. माझं पहिलं ऑपरेशन झालं त्या महिन्यात गेम बाजारात आला. गेमच्या शेवटी काम करणाऱ्यांची यादी येते, तीत जमिनीच्या कामापुढे एकट्या राहिलचं नाव होतं. माझं नाव काढू का, असं कंपनीने त्याला आधी विचारलं होतं, आणि तो हो म्हणाला होता. त्यानंतर सात वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही.

गेल्या महिन्यात तो दारात उभा.

“काहून आलास?”

“तब्येतीचं कळलं. आधीच यायला पाहिजे होतं.”

आईने चहा दिला. मी कॉम्प्युटर त्याच्यापुढे सरकवला; गावात दुसऱ्या कोणाला दाखवून कळणार नव्हतं. दुपारभर तो वाचत बसला. मग म्हणाला, “खेळणाऱ्यानं नदी ओलांडली की मागचा काठ लई लवकर पुसून राहिलीस. माणूस माघारी फिरला तर बुडंल ना.” ही चूक मी चार महिने शोधत होते.

मी विचारलं, “माझं नाव का काढू दिलंस?”

“नोकरी जाईल म्हणून भ्यालो. दुसरं काई न्हाई.”

त्याने सबब सांगितली नाही, एवढं बराबर केलं.

बालाजी म्हणाला, “ताई, एवढं होऊन त्यालाच?” होय. ते वाचता येणारं माणूस लागतं. नाहीतर हेही डिस्कमध्ये पडून राहील.

५. राहिल यांनी ते कोणत्याही एका कंपनीच्या कुलपात जाऊ देऊ नये. शिकणाऱ्याला वाचू द्यावं. पहिल्या ओळीतलं माझं नाव ठेवावं. खाली स्वतःचं घालावं, नदी दुरुस्त केली म्हणून.

६. वकीलसाहेबांनी विचारलं, ‘राहिल यांना माफ केले आहे’ असं वाक्य घालू का. नको म्हटलं. तसं अजून झालेलं नाही, आणि खोटं लिहायला हा कागद नाही. तरी डिस्क माझ्याच हाताने त्याला द्यायची आहे. तो गुरुवारी येणार आहे. तोवर मी असेन, असं धरून चालले आहे.

वाचून, समजून सही केली.
प्रियदर्शनी तातेराव कऱ्हाळे

समक्ष साक्षीदार:
१. संगिता संतराम गायकवाड, शिक्षिका, गोरेगाव
२. जिवनबाई किसन पोले, शेजारीण, गोरेगाव (अंगठा)

स्थळ: गोरेगाव
सोमवार, दि. १७ नोव्हेंबर २०२५