आत्याच्या बरणीची नक्कल

तीर्थरूप आत्याच्या पायांवर डोकं ठेवून (पत्रातून ठेवायला बरं पडतं, कंबर धरत नाही) भाच्याचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस की शेजारणीने आठवण करून दिल्यावर? आम्ही इकडे सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. बाबा मजेत नाहीत. न्यूमोनियातून उठून दीड महिना झाला, छाती स्वच्छ आहे, पण जेवण म्हणून जात नाही. सहा किलो उतरलेत. पायजम्याची नाडी आता कमरेला दोन वेढे घेते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधांचं काम संपलं, आता अन्नाचं. मागतील ते द्या, पण महिनाभरात दोन किलो चढले नाहीत तर पुन्हा भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. आणि बाबा मागतात एकच, टोमॅटोचं सूप. करून दिलं की दोन चमचे घेतात, वाटी सरकवतात आणि म्हणतात, "गरम पाणी छान झालंय." (हे वाक्य माझ्या बायकोने सलग चार दिवस ऐकून घेतलं. तिचे उपकार मी कुठे फेडणार?)

कुठलं सूप हवंय ते बाबा सांगत नाहीत, पण मला ते न कळायला मी काय कालचा आहे? तू दर वर्षी आटवलेल्या टोमॅटोच्या बारा बरण्या पाठवायचीस. दोन वर्षांपूर्वी तुझ्याकडे जेवताना बाबा सगळ्यांदेखत बोलून गेले, "चिंगे, सूप अगदी दुकानातल्यासारखं झालंय." तू ताटावरून उठलीस. त्या दिवसापासून बरण्या बंद, फोन बंद. मी मध्ये पडलो नाही, कारण तुम्हा दोघांच्या मध्ये पडलेला माणूस (आमची आई) जन्मभर दोन्हीकडची बोलणी खात होती, ते मी पाहिलंय.

तेव्हा मी मुकाट्याने सुपरमार्केटची वाट धरली. आता तुला माहीतच आहे, माझा धंदा लेबलांचा. छापखान्यात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून बाटल्या-डब्यांवरचे शब्द मी लिहितो. वीस वर्षं झाली. पण गिऱ्हाईक म्हणून तिथे कधी धड गेलो नव्हतो, ते खातं बायकोकडे. गेलो, आणि एका खोक्यावर 'वेलीवर पिकलेले, उन्हात न्हालेले' असं वाचून अक्षरशः तोंडाला पाणी सुटलं. दोन खोकी घेतली. घरी आल्यावर लक्षात आलं की हे वाक्य माझंच. एका सोमवारी, सर्दीने नाक चोंदलेलं असताना, जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकलं होतं. टोमॅटो कापला तर आत फिकट गुलाबी कापूस. एक ओट्यावरून निसटला, जमिनीवर टप्पा खाऊन फ्रिजखाली गेला. आठ दिवसांनी झाडताना सापडला, तर अंगावर एक सुरकुती नाही! माझी तब्येत इतकी चांगली कधीच नव्हती.

मग मी इरेला पेटलो. डब्यातले आणले, बाटलीतले आणले, काचेआड एकेक वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवलेले आणले. त्यांचा थाट नवरदेवासारखा आणि चव पुठ्ठ्याची. शेवटी भाज्यांवर पाण्याचा फवारा मारणाऱ्या बाईंना माझी दया आली. इकडेतिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "काका, मी स्वतः हे नेत नाही. पुलाच्या तोंडाशी एक गाडीवाला असतो, त्याच्याकडे बघा." (काका म्हणाल्या याचं वाईट वाटलं, पण कामाचं सांगितलं म्हणून मनापासून आभार मानले.) गाडीवाल्याकडे टोपलीत गवत, गवतावर टोमॅटो, टोमॅटोवर ओली माती. पहाटे स्वतः तोडलेत म्हणाला. घरी नळाखाली धरले, माती गेली आणि एकावर छोटंसं गोल स्टिकर निघालं, आमच्याच छापखान्याचं. बाकीची त्याने सोलून काढली होती, हे तेवढं त्याच्या नजरेतून सुटलं. तावातावाने परत गेलो. तो जराही ओशाळला नाही. उलट मी त्या छापखान्यातला आहे कळल्यावर म्हणाला, जरा कमी चिकट गोंद लावत जा हो, नखं दुखतात.

यानंतर मी जे केलं ते तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तुझी एक रिकामी बरणी घरात होती, बायको त्यात बटणं ठेवते. बटणं वाटीत काढली, तीन प्रकारचे बाजारी टोमॅटो एकत्र आटवले आणि त्यात भरले. तू वर औषधाची चिकटपट्टी लावून बॉलपेनने महिना आणि वर्ष लिहितेस, तशीच पट्टी लावली. तुझी जुनी पत्रं समोर ठेवून तासभर तुझं अक्षर गिरवलं. नक्कल अशी साधली की मलाच क्षणभर तुझी भीती वाटली. बरणी जेवणाच्या टेबलावर ठेवून सूप वाढलं. बाबांना बरणी दिसली. आत्या, त्यांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. दोन्ही हातांनी उचलून जवळ घेतली, चष्मा लावला, पट्टीवरून बोट फिरवत वाचू लागले. आणि थांबले. महिना आणि वर्ष झाल्यावर, वीस वर्षांची सवय, माझ्या हाताने खाली आपोआप लिहून टाकलं होतं: 'उघडल्यानंतर थंड जागी ठेवा. वापरण्यापूर्वी चांगले हलवा.'

"चिंगीने जन्मात कधी सूचना लिहून दिलेली नाही," बाबा म्हणाले. "ती समोर उभी राहून देते."

मग हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसणं थांबल्यावरही थांबेना. मी उगाच बरणी पुसत बसलो. थोड्या वेळाने त्यांनी ते भिकार सूप वाटीभर संपवलं. मला वाईट वाटू नये म्हणून संपवलं, हे मला दिसत होतं.

आत्या, हे पत्र खरं तर आभाराचं आहे. इतकी वर्षं बरण्या आल्या आणि मी एकदाही धड आभार मानले नाहीत, कारण मला वाटायचं टोमॅटो असाच लागतो. त्या बारा बरण्यांसाठी तू चुलीसारख्या तापलेल्या स्वयंपाकघरात किती दिवस उभी राहत असशील, हे मला आत्ता, चाळीस ओलांडल्यावर, एक खोटी बरणी भरताना कळलं. तुझे खूप खूप आभार. मागणं काही नाही, फक्त तब्येतीला जप.

तुझ्याच हातचं खाऊन एवढा वाढलेला,
तुझा भाचा

ता. क. मागणं काही नाही असं लिहिलं ते शोभेसाठी. दोन बरण्या पाठव. एक पाठवलीस तरी चालेल. नळीची तारीख बावीस आहे.

ता. क. २. बाबांना यातलं काही माहीत नाही. तू आपणहून पाठवल्यासारखं दाखव, नाहीतर माझी धडगत नाही.

ता. क. ३. मी पाकीट आणायला उठलो तेवढ्यात बाबांनी पत्र वाचलं. पेन मागताहेत. खालचं अक्षर त्यांचं आहे, हात थरथरतो म्हणून तसं आलंय.

चिंगे, हा फार पाल्हाळ लावतो. दुकानातल्यासारखं म्हणालो ते कौतुक होतं गं. दुकानातल्या बाटल्यांवर माझ्या मुलाने लिहिलेलं असायचं, मला वाटायचं याहून चांगलं जगात काही नसणार. तोवर एकही चाखली नव्हती. आता सगळ्या चाखून झाल्यात. बरण्या राहू देत, तू ये.