उजव्या खांद्यावरचं फूल

१२ जाने., शुक्र.
फर्स्ट शिफ्ट करून आलो तर बबन दारात उभा. त्याच्या पोरीच्या, सोनलच्या कॉलेजात सिनेमा, फुकट पास. कोरियन म्हटल्यावर त्याला वाटलं मारामारी असेल. तसलं काही नाही. पन्नाशीतले दोन मित्र एका बंदराच्या गावी जातात. दोघांचंही एके काळी जिच्यावर मन होतं, ती बाई तिथं बोटीची तिकिटं फाडते. तिघं जेवतात, पितात, जुनं बोलतात. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळत नाही. बस्स. पुढच्या रांगेतली पोरं उठून गेली. खालची इंग्रजी अक्षरं वाचताना मी मागे पडत होतो, पण कळत सगळं होतं.

बबन झोपला असेल वाटलं. दिवे लागले तर डोळे पुसत होता.

चहाच्या गाड्यावर म्हणाला, "महाराज, ही तर आपली मंदाच की रे!" (मी माळ ओढतो म्हणून त्याच्यासाठी शाळेपासून महाराज.) मग हळूच: मंदा वैजापूरहून बदलून आली, दिवाळीपासून इथं आपल्या शहरात, गारखेड्यातच आहे. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. बबनची बायको जाऊन पाच.

"मी विचारणार हाय तिला. हसू नको."

हसलो नाही. चहा तसाच ठेवला.

१३ शनि.
कंपनीत सदोष माल पास केला. सुपरवायझर बोलला. बरोबरच बोलला.

जे कुठंच लिहिलं नाही ते लिहून टाकतो. बावीस-तेविसाचे होतो. मंदा दोघांच्याही मनात, आणि दोघांनाही ते ठाऊक. भांडायचं नाही असं ठरलं. देवावर सोडायचं. गावच्या मारुतीच्या खांद्यांवर रुईची ओली फुलं लावायची, उजवं बबनचं, डावं माझं. ज्याचं आधी पडेल त्यानं तिच्या वडिलांना विचारायचं, दुसऱ्यानं जन्मभर बाजूला. कौल लावायला मी गेलो. बबन म्हणाला, तुझ्यावर माझा देवापेक्षा जास्त भरोसा.

उजवं पडलं.

बाहेर येऊन मी म्हणालो, देवानं कौल दिला नाही. दोन्ही फुलं तशीच आहेत.

मग दोघंही गप्प बसलो. त्याच उन्हाळ्यात मंदा वैजापूरला दिली.

१५ सोम. संक्रांत
बबननं ओढून नेलं. मंदाचे केस पांढरे झाले, काळे करत नाही. बोलणं तेच, तोडून. तिळगुळाची वाटी पुढं केली आणि थांबली. "माझ्या हातचा चालतो ना रे, दत्तू? शेजारी कुणी घेतला नाय."

मी हात पुढं करेपर्यंत बबननं दोन लाडू उचलले. "तुझ्या हातचा न चालायला आमी कोण? फक्त दात पाडशील, लई कडक केलेत."

"तुझे उरलेत किती?"

हसली. मग बबन बोलत सुटला. मंदे, आमी तुला विचारणारच होतो, मारुतीला फुलं बी लावली, पर देवानंच कौल दिला नाय, विचार याला.

मंदा माझ्याकडं वळली. "त्या दिवशी मी विहिरीवर होते. तू संध्याकाळपर्यंत आतच होतास. फुलं पडलीच नाहीत?"

तोंडात तिळगूळ होता. मान हलवली. नाही.

ती म्हणाली, "दोघंबी लई शिष्ट. एकानं तरी विचारायचं. माझे वडील नाय म्हणले नसते." 'एकानं' म्हणताना ती बबनकडं बघत होती.

१७ बुध.
माळ पुढं सरकत नाही. सौ. म्हणाली, "मणी उलटे जातायत तुमचे. काय झालंय?" काही नाही म्हणालो. तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही, कधीच नव्हती. म्हणून तर हे अवघड. मला जे मिळालं ते चांगलंच मिळालं. बबनचं काय गेलं, हे मी मोजू कसं?

सांगून आता काय उपयोग, असं दिवसभर मनाला समजावतो. दोघं मनातून राजी दिसतात, सोनलही राजी. गप्प राहिलो तर चालून जाईल.

संध्याकाळी बबनचा फोन. "तवा देव हो म्हणला नाय, नाय बी म्हणला नाय. म्हणजे उत्तर बाकी हाय. शनिवारी गावाकडं जाऊ. तूच लाव फुलं. उजवं पडलं तर विचारतो."

"आणि डावं पडलं? किंवा पडलंच नाही?"

"मग नशिबात नाय. गप बसायचं."

२० शनि.
त्याच्या मोटारसायकलवर, सिल्लोडवरून. सोयगावकडचा घाट उतरेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. काहीही पडो, उजवंच पडलं म्हणायचं. खोट्यानं मोडलं, खोट्यानं जोडू.

या वेळी कौल एकट्या बबनचा, म्हणून आपण आत बघायचं नाही असं त्यानंच ठरवलं. बबन पायरीवर पाठ करून बसला. मी फुलं ओली केली. हात वर नेला आणि मनात आलं, म्हणजे पुन्हा मीच देव.

फुलं हातातच घेऊन बाहेर आलो.

"इतक्यात?"

सांगितलं सगळं. त्यानं तीनदा विचारलं, "उजवं? उजवं पडलं व्हतं?" मग, "किती येळानं?"

हे मी गेल्या शनिवारी इथंही लिहिलं नव्हतं. लावून हात मागे घेतला तेवढ्यात पडलं. संध्याकाळपर्यंत आत बसून राहिलो ते कुणाला खरं वाटावं म्हणून.

"लगेच," मी म्हणालो.

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चपला घातल्या. "यष्टीनं ये," एवढंच.

२१ रवि.
फोन उचलत नाही.

२३ मंगळ.
बबनच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानावर गेलो. रिवाइंडिंगला आलेली मोटार उघडून बसला होता. मान वर केली नाही. सोनल म्हणाली, "काका, काय झालंय? बाबा मंदामावशीकडं जाणारच होते, आता विषयच काढत नाहीत." आतून बबन ओरडला, "सोनल, दुकानाचं शटर अर्धं ओढ. धूळ येतीय."

२४ बुध.
मंदाचा फोन. "बबन येऊन गेला. तासभर बसला, चहा घेतला, एक शब्द नाय. तुमचं भांडण झालं का?"

त्यानं तिला सांगितलेलं नाही. माझं नाव अजून तिच्याकडं चांगलंच ठेवलंय, आणि स्वतः मुका झालाय.

"मंदा, घरी आहेस का? मी येतो. माझंच काही सांगायचंय."

"ये की. पर बबनला बी बोलवू का?"

"बोलव. आला तर बरं."

सौ. विचारते, इतक्या घाईनं कुठं? तिलाही अजून सांगितलेलं नाही. आधी तिला सांगतो, मग निघतो.